मायांग बाहेर येणे आणि लघवी न धरवणे
(बडोदे येथील मराठी भगिनींपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लुगडे ओले होईल या धास्तीने लग्नकार्य टाळणारी, एस.टी.चा लांबचा प्रवास नाकारणारी स्त्री प्रत्येक वस्तीत असते. तिला कोणी विचारीत नाही, आणि ती कोणाला सांगत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरांपैकी ९२ स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला; पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या मात्र अवघ्या ८ होत्या.

खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी सुटणे हा एक प्रकार. घाई होऊन मोरीपर्यंत पोहोचण्याआधीच सुटणे हा दुसरा. दोन्ही एकाच स्त्रीत असू शकतात. मायांग उतरले असता खाली काहीतरी आल्यासारखे वाटते, ओटीपोट जड होते, संध्याकाळी त्रास वाढतो व आडवे झाल्यावर कमी होतो. काहींना बोटाने आत सारल्याखेरीज लघवी होत नाही. अडलेल्या बाळंतपणानंतर रात्रंदिवस लघवी ठिबकत असेल, तर मूत्राशयाला छिद्र पडल्याचा संभव असतो. अशा स्त्रीला विनाविलंब मोठ्या रुग्णालयात न्यावे. पाळी गेल्यानंतर रक्त जात असेल तरीही तपासणीस उशीर करू नये.

लागोपाठची बाळंतपणे, अडलेली प्रसूती, ओल्या बाळंतिणीने वाहिलेली ओझी, जुनाट खोकला आणि मलावरोध यांनी ओटीतळाचे स्नायू सैल होतात. हा त्या स्त्रीचा दोष नव्हे. लघवी सुटते म्हणून पाणी कमी पिणे हा तर उलटा उपाय होय. त्याने मलावरोध वाढतो आणि लघवीची जळजळही होते.

उपचाराची सुरुवात साधी आहे. वारा व लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते पाच सेकंद आवळून तितकाच वेळ सैल सोडावेत. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास मात्र कोंडू नये. मायांग उतरलेल्या स्त्रीस आधारासाठी रबराची वा सिलिकॉनची कडी बसविता येते. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत काढून स्वच्छ करावी लागते. याने भागले नाही तर शस्त्रक्रिया. शस्त्रक्रिया म्हणजे गर्भाशय काढणेच, ही समजूत चुकीची आहे. गोव्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी गर्भाशय न काढता त्याला आतून आधार देण्याच्या पद्धती घालून दिल्या व त्या त्यांच्याच नावांनी ओळखल्या जातात. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात संकोच कसला?

बडोद्यात १९४९ साली स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय असून सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल त्यास संलग्न आहे. तेथे जाण्यापूर्वी तीन दिवस पाणी-चहा किती घेतला, लघवीस किती वेळा जावे लागले आणि किती वेळा सुटली, याची टिपण ठेवावी. लिहिता न येणाऱ्या आजींनी भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढल्या तरी चालतील; डॉक्टरांना त्या रेघांचा उपयोग होतो.