शंका आली की कळवावे

माणसाला होणारा प्रत्येक संसर्ग माणसाकडूनच येतो, असे नाही. ज्ञात संसर्गजन्य रोगांपैकी निम्म्याहून अधिक रोगांचे जंतू प्राण्यांच्या शरीरातही वाढतात आणि दूध, मांस, लाळ किंवा मलमूत्र यांच्या वाटेने माणसापर्यंत पोहोचतात. अशा रोगांना प्राणिजन्य रोग म्हणतात, तर दूषित अन्नपाण्यातून होणाऱ्या रोगांना अन्नजन्य रोग अशी संज्ञा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मांडलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार लोक दगावतात.

या रोगांवर नजर ठेवण्याच्या पद्धतशीर कामाला रोगसर्वेक्षण म्हणतात. कोण, कोठे, केव्हा आणि कशाने आजारी पडले याची माहिती सतत गोळा करणे, तिचा अर्थ लावणे आणि त्यावर तातडीने कृती करणे, हे त्याचे तीन भाग होत. भारतात २००४ साली एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला. त्यात आरोग्य कर्मचारी लक्षणांवरून, डॉक्टर निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून नोंद करतात. एखाद्या गावात एकाच आठवड्यात जुलाबाचे रुग्ण नेहमीपेक्षा वाढले, तर रोगाचे नाव ठरण्यापूर्वीच ती वाढ नजरेस यावी, हा या रचनेचा हेतू आहे.

परभणी जिल्ह्याने या कामाचे मोल जवळून पाहिले आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुरुंबा येथे आठशे-नऊशे कोंबड्या थोड्याच दिवसांत मेल्या, नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि बर्ड फ्लूचे निदान झाल्यावर एक किलोमीटर परिसरातील कोंबड्या नष्ट करून भोवतालच्या भागात वाहतूक व विक्रीवर निर्बंध घालण्यात आले. ही साखळी मेलेल्या पक्ष्यांच्या खबरीपासूनच सुरू होते. खुराड्यातील मर गुपचूप उकिरड्यावर टाकली गेली, तर प्रयोगशाळा कितीही सुसज्ज असली तरी तिच्यापर्यंत काहीच पोहोचत नाही.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये एका धार्मिक कार्यक्रमात एकादशीचा भगर-आमटीचा फराळ घेतल्यानंतर सुमारे २,००० लोकांना उलट्या-जुलाबाचा त्रास झाला. अशा वेळी तपासणीचा पहिला प्रश्न असतो, कोणी काय आणि किती वाजता खाल्ले? एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या, तर जंतूंनी अन्नात आधीच तयार केलेल्या विषाचा संशय येतो. साल्मोनेला जंतूंच्या संसर्गास मात्र सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणून उरलेले अन्न फेकून न देता झाकून थंड जागी ठेवावे व तपासणीस द्यावे. भगरीला ओल लागली की बुरशी धरते. त्यामुळे सुट्या भगरीऐवजी तारीख छापलेले बंद पाकीट घ्यावे आणि तयार पीठ न आणता भगर निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळावी.

परभणी जिल्ह्यातील पिंगळीसारख्या शेतीप्रधान गावात मात्र सर्वांत फसवा रोग गोठ्यात दडलेला असू शकतो. ब्रुसेल्लोसिस, म्हणजेच सांसर्गिक गर्भपात, झालेली गाय किंवा म्हैस पाचव्या महिन्यानंतर गाभडते. तिची वार उघड्या हातांनी काढणाऱ्याला किंवा तिचे निरसे दूध पिणाऱ्याला पुढे चढउताराचा ताप, घाम आणि सांधेदुखी सुरू होते. हा ताप टायफॉइड किंवा मलेरिया समजला जाण्याची शक्यता असते, कारण रुग्ण दवाखान्यात तापाविषयी बोलतो, गाय गाभडल्याविषयी बोलत नाही. गोठ्यातील नोंद पशुवैद्यकाकडे आणि तापाची नोंद आरोग्य केंद्रात राहिली, तर दोहोंचा सांधा जुळत नाही; तो जुळवण्यासाठीच माणूस, जनावर आणि परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणारी ‘एक आरोग्य’ ही संकल्पना पुढे आली आहे.

सर्वेक्षणाच्या यंत्रणेला डोळे गावकऱ्यांचेच असतात. २००९ च्या केंद्रीय पशुरोग कायद्यानेही जनावराला अनुसूचित संसर्गजन्य रोग झाल्याची शंका येताच कळवण्याची जबाबदारी पशुपालकावर टाकली आहे. निदान करणे हे त्याचे काम नव्हे. कोंबड्यांची अचानक मर, लागोपाठ गाभडलेली जनावरे किंवा विचित्र वागणारा कुत्रा दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यात अथवा १९६२ या क्रमांकावर कळवावे, आणि एका पंगतीतील अनेकांना त्रास झाल्यास आशा कार्यकर्ती किंवा आरोग्य केंद्राला त्याच दिवशी सांगावे. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा, दूध उकळूनच प्यावे, चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना ब्रुसेल्लोसिसची लस टोचून घ्यावी आणि तापाच्या रुग्णाने आपल्या गोठ्याची हकिगत डॉक्टरांना आवर्जून सांगावी. कळवलेली शंका खोटी ठरली, तर कोणाचेही नुकसान होत नाही. दडवलेली शंका खरी ठरली, तर तिची किंमत साऱ्या गावाला मोजावी लागते.