मलिक अंबर : चरित्र आणि कबर



इंग्लंडांतील मध्ययुगीन सरदारांच्या कबरी पुष्कळदां ख्रिस्ती मंदिरांतच आढळतात. कँटरबरीच्या महामंदिरांत इ. स. १३७६ मध्यें निवर्तलेल्या युवराज एडवर्डची, म्हणजे इतिहासांतील 'काळ्या राजपुत्रा'ची, चिलखत ल्यालेली व हात जोडून पहुडलेली धातूची प्रतिमा आहे. त्याची ढाल आणि शिरस्त्राणही कबरीवर टांगण्यांत आलीं होतीं. हा वीर कोणत्या कुळांतला, हें पाहणाऱ्यास तेव्हांच उमगतें. आपल्या खुलताबादेसही एका थोर योद्ध्याची कबर आहे; परंतु तेथें ना प्रतिमा, ना कुलचिन्ह. कुलचिन्ह असणार तरी कोठून? हा योद्धा बाजारांत विकला गेलेला गुलाम होता. त्याचें नांव मलिक अंबर.

सोळाव्या शतकाच्या मध्यास हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत, त्याचा जन्म झाला. बाळपणींच गुलाम होऊन तो अरबस्तान व बगदाद या मार्गानें दक्षिणेंत आला. येथें निजामशाहीचा वजीर चंगीझखान यानें त्याला विकत घेतलें. धन्याच्या मृत्यूनंतर तो स्वतंत्र झाला आणि केवळ तरवारीच्या व बुद्धीच्या बळावर वर चढला. इ. स. १६०० मध्यें अहमदनगरचा किल्ला मोगलांनीं घेतला, तेव्हां निजामशाही बुडाली असेंच सर्वांस वाटलें. अंबरानें मात्र राजघराण्यांतील एका पुरुषास मूर्तजा या नांवानें तख्तावर बसविलें आणि राज्य पुन्हां उभें केलें. सुलतान नामधारी आणि सत्ता वजिराची, असा हा प्रकार होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. पण त्या सत्तेनेंच मोगलांस पाव शतक अडविलें.

मराठ्यांची चपल घोडदळें हातीं धरून त्यानें गनिमी युद्ध चालविलें. इ. स. १६२४ मध्यें भातवडी येथें तलावाचें पाणी सोडून त्यानें शत्रूची छावणी चिखलांत रुतविली आणि मोगल व आदिलशाही या दोन्ही फौजांचा एकदम पराभव केला. या लढाईंत शहाजीराजे त्याच्या बाजूनें लढले व त्यांचे बंधु शरीफजी धारातीर्थीं पडले.

युद्धाइतकीच त्याची दृष्टि वस्तीकडे होती. इ. स. १६१० मध्यें खडकी येथें त्यानें नगर वसविलें. उत्तरेकडील डोंगरांतलें पाणी जमिनीखालून नळांनीं गांवांत खेळविलें, तीच नहर-ए-अंबरी. पुढें खडकीचें फतेहनगर झालें, नंतर औरंगाबाद झालें आणि इ. स. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर हें नांव रूढ झालें. नांवें बदललीं, पण शहराची जागा त्यानें निवडलेलीच राहिली.

इ. स. १६२६ मध्यें, वयाच्या ऐंशीच्या घरांत, तो मरण पावला. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत त्याचा उल्लेख शिव्यांवांचून क्वचितच केला. अबुल हसन या चित्रकारानें तर, भाल्यावर खोंचलेल्या अंबराच्या मस्तकावर बादशहा बाण सोडीत आहे, असें चित्र काढलें. रणांत जें साधलें नाहीं, तें कागदावर साधून घेतलें! परंतु त्याच दरबारचा इतिहासकार मुतमदखान यानें अंबराच्या मृत्यूची वार्ता लिहितांना त्याच्या सेनापतित्वाची व राज्यकारभाराची मोकळ्या मनानें प्रशंसा केली आहे. शत्रूच्या लेखणींतून आलेली ही साक्ष कोणत्याही ढालीहून मोलाची नव्हे काय?

झर झरी झर बक्ष यांच्या दर्ग्यानजीक असलेली ही घुमटाची कबर त्यानें हयातींतच बांधविली. शेजारीं त्याची पत्नी बीबी करीमा हिची लहान कबर आहे. त्याच्यामागें दहा वर्षांत, इ. स. १६३६ मध्यें, निजामशाही संपली. यावरून एका माणसाच्या खांद्यावर केवढा भार होता तें दिसतें.

वेरुळास जाणाऱ्या प्रवाशानें खुलताबादेस घटकाभर थांबावें. परदेशांतून बंदा होऊन आलेला मनुष्य या भूमीचा संरक्षक झाला आणि अखेर तिच्याच मातींत विसावला, हें तेथील मुका घुमट त्याला सांगेल.