पेपरातला वागळे आणि आमचा फळा

आम्ही लालबागच्या चाळीतल्या बचत गटाच्या बायका बोलतोय. पेपरातलं एक चित्र टीव्हीवर कसं आलं आणि त्यातून आम्ही काय घेतलं, ते आज सांगायचं आहे.

बोरीबंदरसमोर 'टाइम्स ऑफ इंडिया'ची इमारत आहे. त्या पेपरात आर. के. लक्ष्मण चित्रं काढायचे. १९५१ पासून त्यांचा 'कॉमन मॅन' वाचकांना भेटू लागला. धोतर, चौकडीचा कोट, डोळ्यांवर चष्मा. सगळं बघायचा, पण तोंडातून शब्द नाही. पेपर इंग्रजी. आमच्या घरी तो यायचा वाण्याच्या पुडीतून!

मग १९८८ साली लक्ष्मण यांच्या पात्रांवरून दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' ही हिंदी मालिका आली. दिग्दर्शक कुंदन शाह, निर्मिती दुर्गा खोटे यांच्या संस्थेची. चाळीत टीव्ही एखाद्याच घरी, त्यामुळे त्या दारात चपलांचा ढीग. अंजन श्रीवास्तव वागळे झाले होते, भारती आचरेकर त्याची बायको. साधा नोकरदार, साधं घर. पगारात भागवायची ओढाताण बघून आम्ही पोट धरून हसलो. आपल्या घरातलं बोलणं टीव्हीवर दाखवण्याजोगं असतं, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

पण एक गोष्ट खुपली. वागळेला पगार तरी होता. आमच्याकडे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कितीतरी जणांना काम परत मिळालंच नाही. घरं चालली ती बायकांनी लाटलेल्या पोळ्यांवर, खाणावळीच्या डब्यांवर. त्या बायका त्या चित्रात नव्हत्या.

म्हणून यंदा आम्हीच खडू हातात घेतला. पाण्याची तक्रार दोनदा लिहून दिली होती, उपयोग झाला नाही. मग जिन्याखालच्या फळ्यावर कोरडा नळ काढला, खाली हंड्यांची रांग आणि एकच वाक्य: 'आज तरी येशील का रे बाबा?' येणारा-जाणारा थांबून वाचायला लागला. पाणी अजून पुरतं येत नाही. पण पुढच्या बैठकीला कधी न येणारे पुरुषही आले आणि अर्जावर सह्या करून गेले.

तुमच्याकडे रेशनचं असेल, एसटीचं असेल, मजुरीचं असेल. पुढच्या बैठकीत वहीचं एक पान चित्रासाठी ठेवा. चित्र सुबक नसलं तरी चालेल. आमचा पहिला हंडा भोपळ्यासारखाच दिसत होता.