रोगमुक्त बालकांचे विद्यार्जन



बालकांचा रक्ताचा कर्करोग एके काळी असाध्य मानला जाई. औषधांनी तो हटला तरी मेंदूच्या आवरणांत दडून पुन्हा उचल खाई. म्हणून १९६० नंतरच्या दशकात मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी मस्तकावर किरणोपचार व पाठीच्या कण्यातून औषध देण्याची पद्धती अवलंबिली. सुमारे निम्मी बालके वाचली.

परंतु पुढे काही वर्षांनी त्यांतील कित्येकांचे, विशेषतः अगदी कोवळ्या वयात किरण घेतलेल्यांचे, अवधान व विचारांची गती मंदावल्याचे आढळून आले. यास्तव आज बहुतेकांना किरण न देता औषधेच देतात. तथापि त्यांचाही परिणाम काही मुलांवर राहतोच.

आमचे आयुष्य फळ्याखडूत गेले. आमची विनंती एवढीच की, अशा मुलास आळशी वा मठ्ठ म्हणू नये. त्यास पुढच्या बाकावर बसवावे, एका वेळी एकच गोष्ट सांगावी, उत्तरास अधिक अवधी द्यावा. पालकांनीही झालेला आजार गुरुजींपासून लपवू नये. वैद्यांनी प्राण राखले. त्या बालकाचे शिक्षण राखणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.