विषय कोठून येतात?



लिहावयास विषय सापडत नाही, ही नवलेखकांची नित्याची तक्रार. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे शाळेत शिक्षक असतानाच १८७४ साली त्यांची ‘निबंधमाला’ निघाली. सात वर्षांचे ८४ अंक त्यांनी बहुतांशी एकट्याने लिहिले. इंग्रजी शिकलेल्यांनी मराठीकडे फिरवलेली पाठ त्यांना खुपत होती. मराठीची तत्कालीन स्थिती हाच पहिला विषय झाला. पुढे इतिहास, वाचन, गर्व, लोकभ्रम. यांतला एक तरी दुर्मीळ आहे काय? मोरोपंतांची कविता अनेकांना मुखोद्गत होती; शास्त्रीबुवांनी ती नव्याने वाचली आणि प्रदीर्घ निबंध सिद्ध झाला. लोकहितवादींची ‘शतपत्रे’ तर १८४८ पासून छापली गेलेली. त्यांवरील टीकेत शास्त्रीबुवांचा तोल सुटला हे खरे. पण विषय त्या जुन्या पानांतच सापडला होता.