जुन्या चिठ्ठीवरची तारीख
(मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. परंतु एका औषधाने आमच्या घराला दिलेला धडा आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आमच्या सौभाग्यवतींना संधिवातासाठी प्रेडनिसोलोन सुरू झाले आणि आठ दिवसांत त्या पुन्हा कणीक मळू लागल्या. पुढे बदली झाली. डॉक्टर मागे राहिले, चिठ्ठी तेवढी बरोबर आली. ती दाखवून आम्ही दोन वर्षे गोळ्या आणल्या. एके दिवशी पाण्याची बादली उचलताना त्यांच्या पाठीचा मणका दबला.

हे औषध वैरी नव्हे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिझोन दिले व ती काही दिवसांतच हिंडूफिरू लागली. १९५० साली केंडाल व राइखश्टाइन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मग हाड का झिजते? अस्थिमज्जेतील काही मूळ पेशींपासून हाड बांधणाऱ्या पेशीही घडतात आणि मेदपेशीही. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास त्यांचा ओढा मेदाकडे वळतो. गवंडी घटतात, हाड पोखरणाऱ्या पेशी मात्र अधिक काळ जगतात. आतड्यांतून कॅल्शियम कमी शोषले जाते, लघवीवाटे अधिक जाते. पहिल्या काही महिन्यांतच ही झीज वेगाने होते. आणि हाड मोडेपर्यंत ती बहुधा जाणवतही नाही.

तर मग गोळ्या फेकून द्याव्यात काय? मुळीच नाही. दीर्घ वापराने शरीरातील अधिवृक्क ग्रंथींचे काम मंदावलेले असते. औषध एकाएकी तोडल्यास जिवावर बेतू शकते. मात्रा डॉक्टरांनीच क्रमाक्रमाने उतरवावी. औषध तीन महिने वा अधिक काळ घ्यावयाचे असेल, तर हाडांची घनता मोजणे, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडे राखणारी औषधे यांविषयी आरंभीच विचारावे.

आपण बदलीची माणसे. मुलांचे दाखले जपतो, तसाच औषधाचे नाव, मात्रा आणि प्रारंभाची तारीख लिहिलेला कागद जपावा. नव्या गावी आधी डॉक्टर गाठावा, मग औषधाचे दुकान. कचेरीत प्रत्येक कागदावरची तारीख पाहणारे आम्ही, घरातल्या त्या एका चिठ्ठीवरची तारीख पाहावयास विसरलो. आपण विसरू नये, एवढीच विनंती करून रजा घेतो.