पारणे नसलेला उपवास



उपवास हा शब्द मराठी घराला परका नाही. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार यांच्याभोवती घरातले वर्ष फिरत असते. या प्रत्येक उपवासाला पारणे असते. तो कधी सोडायचा हे धरण्यापूर्वीच ठरलेले असते आणि सोडताना सारे घर एकत्र पानावर बसते. विद्यापीठांच्या वसतिगृहांत मात्र आज एक असा उपवास चालू आहे, की ज्याला पारणेच नाही. ते व्रत नव्हे, ती व्याधी आहे. वैद्यकशास्त्र तिला आहारविकार म्हणते. समाजमाध्यमे तिला कसे खतपाणी घालतात, हे प्रत्येक पालकाने समजून घेण्याची वेळ आली आहे.

हा विकार समाजमाध्यमांनी जन्माला घातलेला नाही. लंडनचे वैद्य सर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये त्याला ‘अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होसा’ हे नाव दिले. त्यात रुग्ण अस्थिपंजर होईपर्यंत अन्न टाळतो आणि तरीही स्वतःला स्थूल समजतो. १९७९ मध्ये जेरल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’चे वर्णन केले. त्यात अनावर खाणे आणि मग खाल्लेल्याचे प्रायश्चित्त म्हणून शरीराचे हाल करणे, असे चक्र चालते. सर्वाधिक मृत्यू ज्यांमुळे ओढवतात अशा मनोविकारांत अ‍ॅनोरेक्झियाची गणना होते. अनुवंश, स्वभाव आणि भोवतालची परिस्थिती अशी अनेक कारणे त्यामागे असतात. म्हणूनच ‘ही नटण्यामुरडण्याची थेरे आहेत’ असे म्हणून तिकडे दुर्लक्ष करणे घातक ठरते.

समाजमाध्यमे आणि विद्यापीठ यांचे नाते मात्र जुने आहे. फेसबुकचा आरंभ फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात झाला. पुढे ते एकेका महाविद्यालयास टप्प्याटप्प्याने खुले होत गेले. सर्वसामान्यांना ते सप्टेंबर २००६ मध्ये मिळाले. या टप्प्यांमुळे संशोधकांना दुर्मीळ संधी लाभली. ब्रागिएरी, लेव्ही आणि माकारिन या अर्थशास्त्रज्ञांनी ७७५ अमेरिकी महाविद्यालयांत फेसबुक केव्हा पोहोचले याच्या तारखा, त्या काळातील विद्यार्थी-आरोग्याच्या पाहण्यांशी ताडून पाहिल्या. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की फेसबुक आल्यावर विद्यार्थ्यांचे मनःस्वास्थ्य खालावले. विशेषतः नैराश्याची लक्षणे वाढली. याचे कारण त्यांना तुलनेत दिसले. इतरांपुढे आपण उणे आहोत असे ज्यांना वाटण्याचा संभव अधिक, त्यांना अधिक झळ पोहोचली.

ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आले आणि तुलनेचा विषय शब्दांकडून शरीराकडे सरकला. तुलना ही माणसाची जुनीच खोड; पण पूर्वी तिची सीमा आळीपुरती, फार तर वर्गापुरती होती. आता पडद्यावर हजारो देह येतात, तेही निवडलेले आणि संगणकाने घोटलेले. वजन घटवण्याच्या एखाद्या चित्रफितीवर मुलगी क्षणभर रेंगाळली, की यंत्रणा तशाच आणखी चित्रफिती तिच्यापुढे वाढत राहते. मुलांना पीळदार देहाचे वेड असेच लागते. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगेन या माजी कर्मचारी महिलेने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उघड केली. आपल्या शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ती भावना अधिक तीव्र झाल्याचे सांगितले, अशी नोंद त्यांत होती. या आकड्यांचा अर्थ विपर्यस्त लावला जात असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. आकडे मात्र तिच्याच संशोधनातले होते.

ही परदेशाची कथा म्हणून सोडून देता येत नाही. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३ लाख ३१ हजार ६०२ भारतीय विद्यार्थी होते, आणि त्यांत मराठी घरांतली मुलेमुलीही आहेत. व्हिडिओ कॉलवर त्यांचा चेहरा दिसतो, ताट दिसत नाही. पुण्याच्या वसतिगृहात राहणाऱ्या मुलीची गोष्टही वेगळी नाही. तिच्या हातातला पडदा तोच आहे.

येथे एक जुना प्रयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुण चिडचिडे, खिन्न आणि एकलकोंडे झाले. अन्नाखेरीज त्यांना दुसरे काही सुचेना. म्हणजे मन बिघडल्याने आहार सुटतो, तसेच आहार सुटल्यानेही मन बिघडते. उपाशी मनापुढे केलेला उपदेश म्हणूनच वाया जातो.

मग घराने काय करावे? जेवण सतत टाळणे, जेवल्याबरोबर न्हाणीघरात जाणे, वारंवार वजन पाहणे, सारखी थंडी वाजणे, चक्कर येणे, मासिक पाळी बंद होणे, ही लक्षणे ओळखावीत. वारंवार धरलेला उपवास श्रद्धेचा आहे की भीतीचा, हे प्रेमाने विचारावे. ‘किती जाड झालीस’ हे वाक्य घरातून हद्दपार करावे आणि ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे कौतुकही. अत्यंत कृश झालेल्या रुग्णाला एकदम भरपूर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते. म्हणून बळजबरी न करता वैद्यकीय देखरेखीखाली उपचार सुरू करावेत. भारतात केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. परदेशातील विद्यार्थ्याने आपल्या विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राकडे जावे.

लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेल्या उपचारपद्धतीत किशोरवयीन रुग्णाच्या जेवणाची जबाबदारी प्रथम आईवडिलांकडे सोपवली जाते. आजाराचा दोष त्यांच्या माथी मारला जात नाही. बरे करण्याच्या कामात त्यांना सहभागी केले जाते. आधुनिक वैद्यकाने कुटुंबावर टाकलेला हा विश्वास सार्थ करणे प्रत्येक घराच्या हाती आहे. दिवसातून एकदा तरी सर्वांनी भ्रमणध्वनी बाजूला ठेवून एकत्र जेवावे. पानावर कोणाच्या देहाची चर्चा होऊ नये आणि कोणी एकटा उपाशी उठू नये. एवढी दक्षता घेतली, तर या उपवासाची चाहूल वेळीच लागेल आणि त्याच्या पारण्याची वाट मोकळी होईल.